उएनो : बाग कोणाची?

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

'सार्वजनिक' हा शब्द आपण रोज इतक्या वेळा उच्चारतो की त्याचा अर्थ विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. सार्वजनिक वाचनालय, सार्वजनिक गणेशोत्सव, सार्वजनिक नळ, सार्वजनिक बांधकाम खाते. पुण्यात १८७० साली सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हा मात्र त्या शब्दात एक मागणी होती. सरकार, संस्थानिक आणि इनामदार यांच्याखेरीज 'सर्व जन' नावाचेही कोणी आहेत आणि त्यांनाही काही सांगावयाचे आहे, असे तो शब्द बजावून सांगत होता.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १८७३ च्या जानेवारीत, जपानच्या नव्या सरकारने एक हुकूम काढला. पूर्वापार लोक जेथे सहलीला, देवदर्शनाला, फुले पाहावयाला जमत आले आहेत अशा जागा निवडून त्यांना 'कोएन' म्हणून घोषित करावे, असा त्याचा आशय होता. 'को' म्हणजे सार्वजनिक आणि 'एन' म्हणजे बाग. टोकियो शहरापुरत्या अशा पाच जागा ठरल्या : उएनो, असाकुसा, शिबा, फुकागावा आणि आसुकायामा. त्यांपैकी उएनोची बाग आज टोकियोतील सर्वांत प्रसिद्ध बागांपैकी एक आहे.

माझे दादा-वहिनी नोकरीनिमित्त टोकियोच्या निशिकासाई भागात राहतात. हिंदी माणसांची वस्ती म्हणून हा भाग तिकडे ओळखला जातो. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत तीन आठवडे मी त्यांच्याकडे होते. दादा सकाळी कामावर जाई, वहिनीलाही रोज सवड नसे. तेव्हा डबा घ्यावा, भुयारी रेल्वेने उएनो गाठावे आणि दिवसभर हिंडावे, असा माझा क्रम पडला. चार वेळा मी तेथे गेले. महिना मे असल्याने साकुराचा बहर केव्हाच ओसरला होता. उएनो म्हणजे साकुरा, असे समीकरण जपानी मनात पक्के आहे. एप्रिलच्या आरंभी त्या झाडांखाली चटया अंथरून बसावयास जागा मिळत नाही. मी पाहिली ती साधी हिरवी झाडे. त्यामुळे एक झाले. फुलांनी झाकली जाणारी बाकीची बाग मला नीट दिसली. मी इतिहासाची विद्यार्थिनी असल्यामुळे असेल, पण तिच्यात मला एक जुना प्रश्न पुन्हा पुन्हा विचारलेला दिसला : ही जागा कोणासाठी? त्या प्रश्नाची हकीकत सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बागेचा विस्तार सुमारे ५४ हेक्टर आहे. मुंबईच्या शिवाजी पार्कसारखी साडेचार-पाच मैदाने तीत मावतील. मध्यभागी एक लांबट टेकाड, त्याच्या पायथ्याशी शिनोबाझु नावाचे मोठे तळे, टेकडीवर संग्रहालये, प्राणिसंग्रहालय, जुनी देवालये आणि उत्तरेच्या टोकाला कलाविद्यापीठ. पूर्वेला अगदी लागून रेल्वे स्थानक. बागेत शिरावयास तिकीट नाही. प्राणिसंग्रहालय आणि संग्रहालये यांना मात्र आहे.

ही टेकडी मुळात बाग नव्हती. टोकियोचे जुने नाव एदो. १७व्या शतकाच्या आरंभापासून तोकुगावा घराण्याचे शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, तेथून देशाचा कारभार पाहत. एदोच्या किल्ल्यावरून पाहिले तर उएनोची टेकडी ईशान्येला येते. आपल्याकडे ईशान्य कोपरा देवाचा मानतात. जपानी समजुतीप्रमाणे तीच दिशा अशुभ, तिकडून पिशाच्चे येतात. त्या दिशेचा बंदोबस्त म्हणून तेंकाई नावाच्या बौद्ध आचार्याने १६२५ साली येथे कानेइजी हे मंदिर उभारले. क्योतो या राजधानीच्या ईशान्येस हिएई पर्वतावर मोठा मठ होता. त्याच धर्तीवर उएनोच्या मंदिराला 'पूर्वेकडील हिएई' असे नाव मिळाले. पुढे एकूण १५ शोगुनांपैकी ६ जणांच्या समाध्या येथेच झाल्या. सारी टेकडी मंदिराची, आणि मंदिर सत्ताधीशांचे. बहराच्या दिवसांत लोक फुले पाहावयास येत, पण ती मालकाच्या अंगणात आलेल्या पाहुण्यासारखी.

१८६८ साली तोकुगावांची सत्ता गेली आणि सम्राटाच्या नावाने नवे सरकार आले. शोगुनाने एदोचा किल्ला लढाईवाचून ताब्यात दिला, परंतु त्याच्या निष्ठावंतांपैकी सुमारे दोन हजार सामुराई कानेइजीत ठाण मांडून बसले. 'शोगिताई' हे त्यांच्या पथकाचे नाव. ४ जुलै १८६८ रोजी सरकारी सैन्याने टेकडीवर हल्ला केला. तळ्यापलीकडून तोफा डागल्या गेल्या. एका दिवसात लढाई संपली आणि मंदिराच्या बहुतेक इमारती जळून खाक झाल्या. एदोचे टोकियो झाले ते या राखेनंतर.

आता या जळक्या, ओसाड टेकडीचे काय करावयाचे? सरकारचा बेत होता तेथे वैद्यकीय विद्यालय आणि रुग्णालय बांधण्याचा. बेत वाईट नव्हता. जागेची पाहणी करण्यास आलेल्या बोदुआं नावाच्या डच डॉक्टराने मात्र वेगळाच सल्ला दिला. इतकी जुनी झाडे आणि असे तळे शहरात पुन्हा निर्माण करता येणार नाही; युरोपातील शहरांप्रमाणे येथे लोकांसाठी बाग ठेवा, असे त्याचे म्हणणे पडले. १८७० सालची ही गोष्ट. वैद्यकशास्त्र शिकविणारा माणूस रुग्णालयाऐवजी बाग मागतो, हे मला फार अर्थपूर्ण वाटले. त्याचा अर्धपुतळा बागेत आहे आणि त्या पुतळ्याचीही एक गंमत आहे. १९७३ साली तो प्रथम बसविला तेव्हा चुकून डॉक्टरांच्या भावाचे छायाचित्र नमुन्यासाठी वापरले गेले. तीस वर्षांहून अधिक काळ लोक भलत्याच गृहस्थांकडे पाहून कृतज्ञता व्यक्त करीत होते. २००६ साली खऱ्या डॉक्टरांचा पुतळा आला.

बागेच्या दक्षिण टोकाकडून पायऱ्या चढून वर गेले की पहिली भेट होते साइगो ताकामोरी यांची. देशाच्या इतिहासातील एवढा मोठा सेनानी, पण पुतळ्यात ना घोडा, ना गणवेश. आखूड, साधा किमोनो, पायांत गवती चपला, आणि दोरीने धरलेला कुत्रा. ताकामुरा कोउन या शिल्पकाराने तो घडविला आणि १८९८ साली त्याचे अनावरण झाले. उएनोच्या लढाईत साइगो सरकारच्या बाजूने, म्हणजे जिंकणाऱ्यांच्या बाजूने लढले होते. पुढे सामुराईंच्या असंतोषाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले, १८७७ साली त्यांनी त्याच सरकारविरुद्ध बंड केले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. १८८९ साली त्यांच्यावरील राजद्रोहाचा कलंक सरकारने पुसला. तेव्हा हा पुतळा विजेत्याचा म्हणावा की पराभूताचा, असा प्रश्न पडतो. तो सैनिकी थाटात नाही याचे कारण कदाचित याच पेचात असेल, असे मला वाटले.

या पुतळ्याच्या मागे काही पावलांवर शोगिताईची समाधी आहे. ज्यांच्याविरुद्ध साइगो लढले त्यांची. लढाईनंतर त्यांची प्रेते टेकडीवरच पडून राहिली होती. सरकारच्या शत्रूंना अग्नी कोण देणार? पुढे याच ठिकाणी काहींचे दहन झाले आणि वाचलेल्या साथीदारांनी येथे दगड उभा केला. त्यावर 'युद्धात मेलेल्यांची समाधी' एवढेच कोरलेले आहे. शोगिताई हे नाव मोठ्या दगडावर नाही. सरकारचा रोष नको म्हणून ते टाळले गेले. नाव न लिहिता स्मरण ठेवण्याची ही रीत पाहून मी बराच वेळ तेथे थांबले. इतिहासाच्या तासाला आपण शिलालेखात काय लिहिले आहे ते वाचतो. काय लिहिले नाही, हेही वाचावे लागते.

१८७३ च्या हुकुमाने बाग ठरली, १८७६ साली तिचे रीतसर उद्घाटन झाले. पण 'सर्वांची बाग' म्हणजे काय, याविषयी नव्या सरकारची कल्पना शिस्तीची होती. लोकांनी नुसते हिंडावयाचे नाही, शिकावयाचे. १८७७ साली पहिले राष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शन येथे भरले. १८८२ साली संग्रहालय येथे आले आणि त्याच्याबरोबर जपानमधील पहिले प्राणिसंग्रहालय उघडले. पुढे ललितकलांची शाळा आली. ओकाकुरा तेन्शिन हे तिचे प्रमुख होते. तेच ओकाकुरा १९०१-०२ मध्ये भारतात आले आणि रवींद्रनाथांच्या घराण्याशी त्यांचा स्नेह जुळला. १९१६ साली स्वतः रवींद्रनाथ जपानला गेले तेव्हा त्यांचे स्वागत उएनोच्या कानेइजी मंदिरातच झाले होते. तत्कालीन पंतप्रधान ओकुमा त्या समारंभास हजर होते.

मालकीच्या दृष्टीने पाहिले तर ही बाग दीर्घकाळ राजघराण्याच्या खात्याकडे होती. म्हणजे नाव सार्वजनिक आणि जमीन सम्राटाची. १९२३ च्या १ सप्टेंबरला टोकियोत महाभूकंप झाला. शहराला आग लागली आणि लाखो माणसे मोकळ्या जागेच्या शोधात या टेकडीवर आली. साइगोंच्या पुतळ्यावर, हरवलेल्या आप्तांची नावे लिहिलेले कागद चिकटवलेले आहेत, असे त्या दिवसांतील छायाचित्र आहे. नवरा, आई, मूल, कोणी पाहिले असल्यास कळवावे. सेनानीचा पुतळा शहराचा सूचनाफलक झाला. त्या दिवसांत बाग कोणाची, हे कोणाला विचारावे लागले नाही. पुढच्याच वर्षी, १९२४ साली, युवराजांच्या विवाहानिमित्त ती टोकियो शहराला देण्यात आली. म्हणून तिचे पूर्ण नाव 'उएनो ओन्शी कोएन'. 'ओन्शी' म्हणजे सम्राटाने कृपापूर्वक दिलेली देणगी. सार्वजनिक आणि देणगी हे दोन शब्द एकाच नावात शेजारी शेजारी बसले आहेत.

शिनोबाझु तळ्याकडे उतरताना मराठी माणसाला एक सुखद धक्का बसतो. तळ्याच्या मध्यभागी बेटावर लाल खांबांचे, अष्टकोनी देवालय आहे. देवता बेंझाइतेन, म्हणजे आपली सरस्वती. बौद्ध ग्रंथांबरोबर ती चीनमार्गे जपानात गेली. आपण सरस्वती म्हटले की वीणा आणि पुस्तक आठवतो. सरस्वती ही मुळात नदी, हे विसरतो. जपानी लोक विसरले नाहीत. तिची देवालये ते पाण्याकाठी किंवा बेटावर बांधतात. तिच्या हाती बहुधा बिवा हे तंतुवाद्य असते. उएनोची मूर्ती मात्र अष्टभुजा आहे, सुवर्णप्रभास सूत्रातील वर्णनाप्रमाणे. विद्येबरोबर ती धनही देते, त्यामुळे विद्यार्थी आणि व्यापारी दोघेही एकाच रांगेत उभे असतात. शारदा आणि लक्ष्मी एका घरी नांदत नाहीत, असे आपल्याकडे म्हणतात; तेथे तो प्रश्नच मिटला आहे. तळ्याची कल्पनाही तेंकाईंचीच : क्योतोजवळच्या बिवा सरोवरात चिकुबू नावाचे बेट आहे, त्याची ही प्रतिकृती. आजचे देवालय १९५८ सालचे. जुने १९४५ च्या हवाई हल्ल्यात जळाले.

देवालयाच्या आवारात दगडी स्मारकांची दाटी आहे आणि ती वहिनीने वाचून दाखविली तेव्हा मी चकित झाले. एक स्मारक चष्म्यांचे, एक स्वयंपाकाच्या सुऱ्यांचे, एक पंख्यांचे. एक विषारी फुगु माशाचे, एक पक्ष्यांचे, एक कासवांबद्दल कृतज्ञतेचे. ज्या वस्तूंनी आणि जिवांनी माणसाचे पोट भरले त्यांचे ऋण त्या त्या धंद्यातील लोकांनी असे फेडले आहे. दसऱ्याला हत्यारे पुजणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावयास वेळ लागू नये. फरक एवढाच, की आपण चालू हत्याराची पूजा करतो. ते झिजलेल्या हत्याराला निरोपही देतात.

मे महिन्यात तळ्यातील कमळाची पाने नुकतीच पाण्याबाहेर डोकावू लागली होती. फुले जुलै-ऑगस्टात येतात. या तळ्यानेही 'कोणासाठी' हा प्रश्न दोनदा सोसला आहे. युद्धकाळात अन्नाची टंचाई झाली तेव्हा पाणी काढून तेथे भातशेती करण्यात आली. युद्ध संपल्यावर तळे कायमचे बुजवून बेसबॉलचे मैदान करावे, अशी योजना पुढे आली. विरोध झाला, वाद झाला आणि अखेर पाणी परत आले. आज पाहणाऱ्याला वाटते की हे तळे असेच शेकडो वर्षे निवांत पडून आहे.

टेकडीवर एका उंचवट्यावर बुद्धाचा केवळ चेहरा आहे, भिंतीत बसविलेला. एकेकाळी येथे बैठी महामूर्ती होती. भूकंपांनी आणि आगींनी तिला वारंवार पाडले. १९२३ च्या भूकंपात मस्तक निखळून खाली आले. मग महायुद्धात धातूसाठी धड वितळविले गेले. उरला तो चेहरा १९७२ साली येथे बसविण्यात आला. आता शाळा-महाविद्यालयांतील मुले परीक्षेआधी त्याच्या दर्शनास येतात. कारण? हा बुद्ध आता आणखी खाली पडू शकत नाही! नापास होणे याला जपानीत 'पडणे' असाच शब्द आहे. त्यांच्या नवसाच्या लाकडी पाट्या तेथे टांगलेल्या असतात. आमच्या वर्गातील काही मित्रांची नावे मला त्या क्षणी आठवली, ती येथे देत नाही.

प्राणिसंग्रहालयात मी वहिनीबरोबर गेले. मोठ्यांना तिकीट ६०० येन. शाळेच्या पिवळ्या टोप्या घातलेली बालवाडीची मुले एकमेकांचे हात धरून चालली होती. हत्तींपाशी आम्ही मराठीत बोलत होतो, ते ऐकून शेजारचे एक वृद्ध गृहस्थ वळले आणि त्यांनी विचारले, ''इंदो?'' आम्ही होकार दिला. त्यांचा चेहरा उजळला. ''इंदिरा!'' ते म्हणाले. मला वाटले, इंदिरा गांधींविषयी बोलत आहेत. वहिनी हसली. ''अगं, हत्तीण,'' तिने सांगितले, ''लहानपणी त्यांनी पाहिलेली हत्तीण.'' मग आजोबा बोलत राहिले आणि वहिनी मला सांगत राहिली.

ती हकीकत अशी. १९४३ साली प्राणिसंग्रहालयात तीन हत्ती होते : जॉन, तोंकी आणि वांरी. टोकियोवर मोठे हवाई हल्ले सुरू होण्यापूर्वीच शहराच्या प्रशासनाने हुकूम दिला, की हिंस्र आणि मोठे प्राणी मारून टाकावेत; पिंजरे फुटून ते बाहेर पडले तर अनर्थ होईल. सिंह, वाघ, अस्वले मारली गेली. हत्तींनी विष घातलेले बटाटे खाल्ले नाहीत. तेव्हा त्यांना उपाशी ठेवण्यात आले. अन्न मिळावे म्हणून ते शिकविलेल्या कसरती करून दाखवीत, असे सांगतात. ४ सप्टेंबरला मृत प्राण्यांसाठी प्रार्थना झाली तेव्हा दोन हत्ती आवारात अजून जिवंत होते. शेवटची तोंकी २३ सप्टेंबरला गेली. लोकांचे मन युद्धासाठी कठोर व्हावे, हाही त्या हुकुमामागील एक हेतू होता, असे अभ्यासक म्हणतात.

युद्ध संपल्यावर मुले रिकामे हत्तीघर पाहावयास येत. हत्ती म्हणजे कसा असतो, हे त्यांना चित्रातच ठाऊक. १९४९ साली टोकियोतील मुलांनी पत्रे आणि चित्रे पाठवून पंडित नेहरूंकडे हत्ती मागितला. नेहरूंनी म्हैसूरकडील एक हत्तीण पाठविली, तिला आपल्या मुलीचे नाव दिले आणि ही भेट माझी नसून भारतातील मुलांची जपानी मुलांना आहे, अशा आशयाचे पत्रही बरोबर दिले. सप्टेंबर १९४९ मध्ये ती बोटीने पोहोचली आणि बंदरापासून उएनोपर्यंत रात्रीच्या वेळी चालत गेली. तिला हुकूम कळत ते कन्नडमधले. बरोबर आलेल्या माहुतांकडून जपानी रखवालदार ते शब्द शिकले. पुढच्या वर्षी तिने जपानमधील अनेक गावांचा दौरा केला. १९५७ साली नेहरू आणि इंदिरा गांधी उएनोला आले तेव्हा त्यांनी तिची भेट घेतली. १९८३ साली ती वारली.

आजोबांनी सहा-सात वर्षांचे असताना तिला पाहिले होते. वडिलांच्या खांद्यावर बसून, गर्दीत. ''तेव्हा घरी खायला पुरेसे नव्हते,'' ते म्हणाले, ''आणि एवढा मोठा प्राणी पोटभर खातो आहे, हे पाहून आम्ही टाळ्या वाजवल्या.'' हे वाक्य सांगताना वहिनी थोडी थांबली. मीही काही बोलू शकले नाही. आज तेथे असलेल्या हत्तींपैकी एकाचा जन्म २०२० सालचा, उएनोत जन्मलेले ते पहिलेच पिल्लू. त्याचे नाव अरुण. नाव थाई भाषेतून आलेले, अर्थ तोच, पहाट. आजोबांना मी सांगितले की आमच्या वर्गातही एक अरुण आहे. ते खूप हसले.

स्थानकासमोर पाश्चात्त्य कलेचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. मात्सुकाता कोजिरो या जहाजबांधणी करणाऱ्या उद्योगपतीने युरोपात चित्रे आणि शिल्पे विकत घेतली होती. आपल्या देशातील लोकांनी अस्सल पाश्चात्त्य कला पाहावी, ही त्याची इच्छा. महायुद्धात फ्रान्समधील संग्रह फ्रेंच सरकारच्या ताब्यात गेला. पुढे सुमारे ३७० कृती परत मिळाल्या, पण त्यांच्यासाठी संग्रहालय बांधावे, या अटीवर. १९५९ साली ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्याप्रमाणे ते उभे राहिले. चंदीगड वसविणारे हेच ते. २०१६ साली युनेस्कोने त्यांच्या सात देशांतील १७ वास्तू एकत्रितपणे जागतिक वारसा म्हणून जाहीर केल्या. त्यांत उएनोचे हे संग्रहालय आहे आणि आपल्या चंदीगडचा कॅपिटॉल परिसरही आहे. रोदँचा 'विचारमग्न' पुरुष प्रांगणात बसला आहे. तो पाहावयास तिकीट लागत नाही. मी तेथे डबा खाल्ला नाही, पण त्याच्याकडे पाहत बराच वेळ बसले.

येथवरची हकीकत वाचून कोणास वाटेल, की जळक्या टेकडीची सर्वांची बाग झाली आणि सारे ठीक झाले. पण उएनोची आणखी एक बाजू आहे. उत्तर जपानातून कामासाठी राजधानीत येणारा माणूस पूर्वी गाडीतून उतरे तो उएनोलाच. युद्धानंतर स्थानकाच्या भुयारी वाटेत आईबाप गमावलेली मुले झोपत. १९९० नंतर मंदीच्या काळात काम आणि घर गमावलेल्या माणसांनी बागेत निळ्या ताडपत्रीचे तंबू उभारले. त्यांत उतारवयाची, आयुष्यभर बांधकामावर राबलेली माणसे पुष्कळ होती. राजघराण्यातील कोणी संग्रहालयास भेट देणार असले की त्यांना तंबू गुंडाळून तेवढ्यापुरते दूर जावे लागे. यू मिरी या लेखिकेने २०१४ साली याच विषयावर कादंबरी लिहिली. तिच्या इंग्रजी अनुवादाला २०२० साली अमेरिकेचा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला. सम्राटाने लोकांना दिलेल्या बागेतून सम्राटासाठी लोकांना हलवावयाचे, हा विरोध त्या कादंबरीच्या मुळाशी आहे.

मला ते तंबू दिसले नाहीत. मी पाहिलेल्या बऱ्याच बाकांना मधोमध दांडा होता, म्हणजे बसता येते, आडवे होता येत नाही. बाग रात्री ११ ला बंद होते आणि पहाटे ५ ला उघडते. स्वच्छता वाखाणण्याजोगी आहे, कोठे कागदाचा कपटा दिसत नाही. एका संध्याकाळी मात्र झाडाखाली एक वृद्ध, सगळा संसार दोन पिशव्यांत घालून, शांतपणे वर्तमानपत्र वाचताना दिसला. त्याच्यासमोरून पर्यटक साइगोंचे छायाचित्र घ्यावयास जात होते. हुकूम निघाला तेव्हा 'को' या अक्षरात हा माणूस धरला होता की नव्हता?

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नाही, आणि ते केवळ जपान्यांनी द्यावयाचे आहे असेही मला वाटत नाही. आपल्या शहरांतील नगरपालिकेच्या बागांनाही वेळा असतात, कुलपे असतात, 'येथे झोपू नये' अशा पाट्या असतात. उएनोने मला एवढेच शिकविले, की सार्वजनिक जागा एकदा जाहीर झाली म्हणजे सर्वांची झाली, असे होत नाही. डच डॉक्टराने एकदा तिच्यासाठी शब्द टाकला, भूकंपातील माणसांनी ती एकदा वापरून दाखविली, तळे बुजवू नका म्हणणाऱ्यांनी ती एकदा वाचविली, मुलांनी पत्रे लिहून तिच्यात एक हत्ती परत आणला. प्रत्येक वेळी कोणीतरी मागणी केली, म्हणून ती थोडी अधिक सर्वांची झाली. जेथे मागणी करणारा कोणी नव्हता, तेथे ती झाली नाही.

वाचकांपैकी कोणाला टोकियोस जाण्याचा योग आला तर एक सुचवावेसे वाटते. सोमवार टाळावा, संग्रहालये त्या दिवशी बंद असतात. दक्षिणेकडील पायऱ्यांनी वर चढावे. साइगोंच्या पुतळ्यापाशी गर्दी असेल. ती ओलांडून मागे जावे. तेथे झाडांच्या सावलीत तो मोठा दगड आहे, ज्यावर मेलेल्यांचे नाव नाही. बाग पाहावयास सुरुवात तेथून करावी.